नवी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) घेतली आहे. दोन इंची लिफ्ट (गाडी उंच करणारे स्प्रिंग-शॉकअप) आणि ३१ इंची टायर आधी बसवू, की विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र)?

यातलं काहीच आधी नको. आधी हवेचा दाब मोजायचा चांगला गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कंप्रेसर घ्या.

हसू नका. वाळूत रुतलेली गाडी मी कितीदा तरी नुसती हवा कमी करून बाहेर काढली आहे. ३२ पीएसआयवरून १८ वर आणलं की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूत घुसायची थांबते. फक्त अशा टायरवर वेग कमी ठेवा, झटक्यात वळू नका आणि डांबरी रस्ता लागायच्या आत हवा परत भरा. म्हणून कंप्रेसर.

लिफ्टची घाई मी केली होती. माझ्या गाडीला पुढे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध, म्हणजे सॉलिड अ‍ॅक्सल आहे. गाडी उंच झाली, फोटो झकास आले, पण स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येईना आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटू लागली. उंची वाढली तसा कॅस्टर, म्हणजे चाकं सरळ ठेवणारा स्टेअरिंगचा मागे झुकलेला कोन, कमी झाला होता. शिवाय पॅनहार्ड रॉडमुळे (चॅसी आणि अॅक्सल जोडणारा आडवा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकलेला, इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदललेला, ब्रेकचे होज ताणलेले. म्हणजे नुसत्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून भागत नाही, मागोमाग चार गोष्टी कराव्या लागतात. टायरचंही तसंच. २९ इंचांवरून ३१ वर गेलात, तर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०७ च्या आसपास असेल, आणि चढावर गाडी एक गिअर जड झाल्यासारखी वाटेल.

खरा जीव जातो तो देखभालीत, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही! लांबून तापून आलेली गाडी ओढ्यात घातली, की डिफमधली (डिफरेन्शियल, दोन चाकांमधला गिअरचा डबा) गरम हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर, म्हणजे डिफचं हवा येण्याजाण्याचं भोक, चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून, पाण्याखाली असेल तर थेट त्यातूनच पाणी आत जातं. वरून काही कळत नाही. माझ्या मागच्या डिफचा प्लग उघडला तेव्हा ऑइल दुधाळ झालेलं होतं आणि बेअरिंगने आवाज धरला होता. त्यानंतर मी ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेली. खर्च नगण्य, काम तासाभराचं. तरी खोल पाण्यातून आलो की दोन्ही डिफ आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ऑइल बघतोच.

बाकी नेहमीचंच: यू-जॉइंटच्या (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांच्या) निपलांना ग्रीस, रेडिएटरच्या जाळीतला चिखल काढणं, चाकं काढून बसवली की ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळणं. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळला तरी स्टेअरिंग थरथरतं; अलाइनमेंटवर पैसे घालवण्याआधी तिथे पाणी मारून बघा.

विंच नंतर घ्या, पण चॅसीला बोल्ट केलेले, वजनाचं रेटिंग असलेले हुक पुढे-मागे आत्ताच लावा. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) गाडी ओढायचा पट्टा कधीच अडकवू नका. बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो.

तुमचा पुढचा अ‍ॅक्सल सॉलिड आहे की इंडिपेंडंट (दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारा), ते कमेंटमध्ये लिहा. लिफ्ट किती झेपेल ते त्यावर ठरेल.