टक्के कमी पडले, मुलाखतीत काय सांगू?

शेवटच्या सेमिस्टरचे निकाल लागू लागले की माझ्याकडे एकाच काळजीची पत्रं येतात. मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत मी एकवीस वर्षं काढली, त्यामुळे ही धास्ती मला परकी नाही. या वेळी आलेले काही प्रश्न थोडक्यात देते आणि उत्तरं देते.

दहावीला ५२ टक्के होते. स्वतःहून सांगावं का?

नको. विचारलं तर सांगा. फॉर्मवर रकाना असेल तर खरा आकडा भरा.

पदवीचा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची सरासरी श्रेणी) ७.२ आहे. ९.५ ने गुणून टक्के काढले तर चालेल?

नाही. ते सूत्र सीबीएसईनं दहावीच्या श्रेणीसाठी दिलं होतं. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. तुमच्या परीक्षा विभागाकडून ते लेखी घ्या आणि मगच फॉर्म भरा.

इंजिनीअरिंगला ५८.७ टक्के आहेत. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) दोनदा राहिला, तिसऱ्यांदा सुटला. कंपनीची अट ६० ची आहे. सीनिअर म्हणतात, ६० टाक, केटीचं (राहिलेल्या विषयाचं) लिहू नकोस, कोण बघतंय?

बघतात. याच एका प्रश्नावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण 'कोण बघतंय' या वाक्यानं हाती आलेल्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पडताळणी करणारी संस्था विद्यापीठाला थेट विचारते, डिजिलॉकर या सरकारी ॲपवरची गुणपत्रिका बघते. आणि हे बहुतेक वेळा तुम्ही रुजू झाल्यावर होतं. घरी पेढे वाटून झालेले असतात, खोलीचं डिपॉझिट भरलेलं असतं, आणि चौथ्या महिन्यात पत्र हातात पडतं. असं एक पत्र मला स्वतःला द्यावं लागलं. मुलगा हुशार होता, काम चोख करायचा. ५७ चे ६१ केले होते, एवढंच. कमी गुणांसाठी मला त्याच्या बाजूनं भांडता आलं असतं. खोट्या आकड्यासाठी नाही आलं.

५८.७ चे ६० होत नाहीत. बँक भरतीच्या जाहिरातींत तर ५९.९९ टक्के हे ६० पेक्षा कमीच धरले जातील, असं स्पष्ट छापलेलं असतं. केटीचा प्रश्न मात्र नीट वाचा. 'लाइव्ह बॅकलॉग किती?', म्हणजे अजून न सुटलेले विषय किती, असं विचारलं असेल तर तुमचं उत्तर शून्य, आणि ते खरं आहे. 'आजवर किती?' असं विचारलं असेल तर एक विषय, तिसऱ्या प्रयत्नात सुटला, असं लिहा.

खरा आकडा लिहिलात तर या कंपनीच्या यादीतून तुमचं नाव गळेल, हे मी लपवत नाही. पण टक्केवारीची अट न लावणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे चाचणी आणि प्रोजेक्ट बघतात. त्यांची यादी कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे मागा. फॉर्म आधीच चुकीचा भरला असेल तर प्लेसमेंट अधिकाऱ्याशी बोलून आजच कंपनीला दुरुस्तीचा मेल करा. ऑफर लेटरवर सही झाली असेल तर आधी वकिलाला दाखवा.

तिसऱ्या सेमिस्टरला वडील आजारी होते, दवाखान्यातच राहत होतो, वर्ष गेलं. सांगितलं तर सहानुभूती मागतोय असं वाटेल का?

लांबवलं तर वाटेल. 'वडिलांच्या आजारपणात एक वर्ष गेलं. परत आल्यावर सगळे विषय सोडवले आणि शेवटच्या वर्षी हा प्रोजेक्ट केला.' एवढं बोला आणि थांबा. पुढचं त्यांना विचारू द्या. कारण खरं असेल तरच सांगा. दुसऱ्याची गोष्ट स्वतःची म्हणून सांगणारा दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो. आणि खरं कारण 'अभ्यास केला नाही' हे असेल तर तेही सांगता येतं. पेपर कठीण होता, सरांनी शिकवलंच नाही, ही उत्तरं मात्र देऊ नका. हे सगळं मोठ्यानं बोलून एखाद्या शिक्षकांपुढे सराव करा.

एक क्लासवाले म्हणतात, पैसे भरा, दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र देतो, मग टक्के कुणी विचारत नाही.

ही फसवणूक आहे. पत्र त्यांनी दिलं तरी ते वापरल्याचा गुन्हा तुमच्यावर येतो. एक रुपयाही देऊ नका. दिले असतील तर पावती जपून ठेवा आणि पोलिसांकडे जाण्याआधी वकिलांना भेटा.

मी २०२१ ची बारावी. ८४ टक्के. पदवीला ५६. मुलाखतीत म्हणाले, तुमचे बारावीचे गुण फुकटचे.

फुकटचे नव्हते. परीक्षा रद्द झाली होती आणि मंडळानं दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला, म्हणून लोक असं बोलतात. तुम्ही चिडू नका. सूत्र एका वाक्यात सांगा आणि लगेच पदवीच्या ५६ कडे वळा, कारण त्यांना खरं विचारायचंय ते तेच. सेमिस्टरनिहाय गुण चढत गेले असतील तर तो कागद सोबत न्या.

कमी टक्क्यांमुळे दोन वर्षं एकाही मुलाखतीला गेलो नाही. झोप लागत नाही. सरकारी परीक्षा द्यावी का?

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी लागते, किमान टक्केवारी नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी ला खुल्या गटात ६० टक्के लागतात. म्हणून आधी जाहिरात वाचा. पण ही पायरी दुसरी. झोप नाही, हे मला जास्त गंभीर वाटतं. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, घरात एकाला तरी सांगा. आणि एक अर्ज भरा, कितीही छोट्या जागेचा. रिकामं वर्ष समजावून सांगणं कमी टक्क्यांपेक्षा अवघड जातं. त्यात तिसरं वर्ष घालू नका.