ऑप्टिक्स घेऊ की आरएफ?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इमारतीच्या आत मोबाइल सिग्नल पोचवणारं स्वस्त फायबर-अँटेना जाळं, असा प्रोजेक्ट करावासा वाटतो. सर म्हणतात, ऑप्टिक्स घे नाहीतर आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) घे, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. यात करिअर आहे का?

उत्तर : सरांचा सल्ला एरवी योग्यच आहे, पण तुझ्या विषयात हे दोन दगड वेगळे काढताच येत नाहीत. रेडिओ सिग्नल लेसरच्या करंटवर चढवायचा, फायबरच्या टोकाला प्रकाशाचा पुन्हा करंट करणाऱ्या फोटोडायोडने उतरवून घ्यायचा आणि ॲम्प्लिफायरमधून अँटेनाला द्यायचा, एवढीच मूळ कल्पना आहे. तांब्याच्या कोॲक्स केबलमध्ये फ्रिक्वेन्सी वाढते तसा लॉस वाढतो. सिंगल-मोड फायबरमध्ये 1310 नॅनोमीटरला किलोमीटरमागे जेमतेम 0.35 डेसिबल जातात, मग सिग्नल 900 मेगाहर्ट्झचा असो की 2.4 गिगाहर्ट्झचा.

खरी परीक्षा अपलिंकला, म्हणजे फोनकडून नेटवर्ककडे जाताना, होते. एक फोन अँटेनाखालीच असतो, दुसरा मजल्याच्या पार कोपऱ्यात, आणि दोघांचे सिग्नल एकाच स्वस्त लेसरमधून जायचे असतात. जवळचा जोरदार सिग्नल लेसरला नॉनलिनिअर करून इंटरमॉड्युलेशन (सिग्नल एकमेकांत मिसळून तयार होणाऱ्या नको त्या फ्रिक्वेन्सी) उठवतो, लांबचा नॉइजमध्ये बुडतो. हे सांभाळून लेसर स्वस्तातला कसा निवडायचा, हे ज्याला कळतं तो इंजिनिअर मला मोलाचा वाटतो. त्यासाठी टू-टोन टेस्ट (दोन फ्रिक्वेन्सी एकत्र देऊन हे इंटरमॉड्युलेशन मोजणं) स्वतःच्या हाताने कर. लिंक बजेट, म्हणजे वाटेत सिग्नल किती घटतो-वाढतो याचा हिशोब, मांडताना एक लक्षात ठेव : 1 डेसिबल ऑप्टिकल लॉस म्हणजे आरएफ बाजूला 2 डेसिबल. मुलाखतीत इथेच बरेच जण अडखळतात.

नोकऱ्या इन-बिल्डिंग कव्हरेजच्या डिझाइन आणि टेस्टिंगमध्ये, टेलिकॉम उपकरणांच्या कंपन्यांत, ट्रान्सीव्हर बनवणाऱ्यांकडे असतात. मात्र फक्त ॲनालॉगवर विसंबू नकोस. आता पुष्कळ ठिकाणी सिग्नल डिजिटल करूनच फायबरवर पाठवतात, त्यामुळे डीएसपीचा (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा) पेपर मनापासून कर. संशोधनाची ओढ असेल तर पुढे एमटेकला हाच विषय वाढवता येईल.

सरांना सांग की प्रोजेक्टमध्ये एकच लिंक असेल, एकच अँटेना, पण नॉइज आणि डिस्टॉर्शन दोन्ही मोजून दाखवेन. एवढ्या मर्यादेत ते बहुधा तयार होतील.

आणि प्रयोगशाळेत काळजी घे. 1310 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून लेसर बंद असल्याची खात्री केल्याशिवाय फायबरच्या टोकात डोकावू नकोस.