तंबाखूच्या वासाचा रस्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर एच-1बी वर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, मॅल्व्हर्नला रुजू होतायत. मार्चमध्ये पुणं सोडायचंय. मुलगी 7 वर्षांची. भाड्याचं घर ऑफिसजवळ घ्यावं की आणखी आत, लँकेस्टरच्या शेतांच्या बाजूला, म्हणजे मुलीला अंगण मिळेल? तुम्हाला गाडी येत नाही, ती लगेच शिकावी का? आणि अगदी शेवटी, जरा संकोचून: "ताई, गावाची आठवण येते का हो?"

शेवटापासूनच सुरू करते.

येते. गणपती-दिवाळीला मात्र फारशी येत नाही, कारण तेव्हा मंडळाचा कार्यक्रम, पुलावाची भांडी आणि पार्किंगची मारामार यात डोकं वर काढायला फुरसत नसते. मला ती आली एका सप्टेंबरातल्या शनिवारी, रूट 741 वर, नाकातून.

आम्ही एक्स्टनला राहतो. इथून रूट 30 नं पश्चिमेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात गॅप नावाचं गाव येतं. तिथून 741 धरायचा, तो स्ट्रासबर्गपर्यंत नेतो. गॅप मागे पडलं की रस्त्याची चालच बदलते. पांढरी घरं, चारा साठवायचे उंच सायलो, मक्याची शेतं, आणि घराकडे जाणारी विजेची तारच नाही. दोरीवर एका रांगेत निळे-जांभळे-काळे कपडे. ही आमिश लोकांची वस्ती, साधेपणानं राहणारा एक ख्रिस्ती पंथ. 1693 च्या सुमारास याकोब अम्मान नावाच्या माणसामागे स्वित्झर्लंड-अल्सासकडचे काही मेनोनाइट (हाही ख्रिस्ती पंथच) वेगळे झाले, त्यांचे हे वंशज. पुढच्या शतकात त्यांनी पेनसिल्व्हेनिया गाठलं. जवळपास 300 वर्षं झाली, घरात अजून स्वतःची जर्मन बोली बोलतात. माझा मुलगा इथे येऊन दोनच वर्षांत मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागला होता, हे जाता जाता सांगते.

पुढे एक बग्गी चालली होती. इकडच्या बग्ग्या करड्या रंगाच्या, मागे केशरी त्रिकोण. चढावर तिच्या मागे गाडी हळू केली आणि काच खाली घेतली, तर चाकाच्या लोखंडी पट्टीचा डांबरावरचा आवाज. आमच्या बैलगाडीच्या धावेचा आवाज असाच यायचा. लोहार धाव तापवून लाल करायचा, चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. वाफेचा तो फुस्सकारा पाहायला आम्ही पोरं शाळा बुडवायचो.

पण खरा तडाखा वासाचा बसला. मी कागल तालुक्यातली, निपाणी हाकेच्या अंतरावर. आजोबांचा दीड एकर तंबाखू. घरात, गोधडीत, चुलत्यांच्या सदऱ्यात तोच वास. निपाणीच्या वखारींसमोरून जाताना सगळ्या बसला शिंका यायच्या. 1981 च्या तंबाखू आंदोलनाच्या गोष्टी मी रात्री जेवताना ऐकत मोठी झाले. आणि इथे, सात समुद्रांपलीकडे, स्ट्रासबर्गच्या अलीकडे एक लांबडं लाकडी कोठार उभं. भिंतीच्या उभ्या फळ्या झडपांसारख्या उघडलेल्या आणि आत वरपासून खालपर्यंत तंबाखू टांगलेला. मला शिंक आली, मग रडू आलं. मिस्टरांना वाटलं ॲलर्जी.

शेताच्या तोंडाशी भाजीचं टेबल होतं: टोमॅटो, कणसं, पैसे टाकायला डबा. तिथे उभ्या असलेल्या दाढीवाल्या शेतकऱ्याला मी धीर करून सांगितलं की माझे आजोबा पण हेच पिकवायचे. त्यानं आम्हाला कोठारापाशी नेलं. हे लोक खोडासकट झाड कापतात, ती खोडं लाकडी पट्टीवर ओवतात आणि पट्ट्या आढ्याला अडकवतात. वाऱ्यानं पानं हळूहळू वाळतात, मग हिवाळ्यात बसून ती खोडापासून काढायची. "तुमच्याकडे कसं वाळवतात?" त्यानं विचारलं. म्हटलं, कापून शेतातच आडवा टाकतात, उन्हात. तो क्षणभर थांबला. "आणि पाऊस आला तर?"

"तर गेला."

त्यानं मान हलवली. त्याच्या बोटांच्या पेरांवर शेंडे खुडून बसतो तो काळा चिकट थर होता. आजोबांचा मातीनं घासल्याशिवाय निघत नसे. त्याला ते विचारायचं राहिलं.

त्या भारावलेल्या अवस्थेत आम्ही काय केलं, ते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पुढचे दोन महिने आम्ही लँकेस्टर काउंटीत घरं पाहिली. एक जवळजवळ ठरवलंच होतं. मग मिस्टरांनी एका सोमवारी सकाळी तिथून ऑफिसपर्यंत गाडी चालवून पाहिली: एका बाजूला तासाहून जास्त, आणि तेव्हा बर्फ नव्हता. शिवाय मी विसरलेच होते की शेजारी आमिश असले म्हणून ते माझे शेजारी होणार नाहीत. भाजी घेताना चार शब्द बोलतील, पण त्यांची मुलं आठवीपर्यंत त्यांच्याच एका खोलीच्या शाळेत जातात (आठवीनंतर शाळा थांबवण्याचा त्यांचा हक्क 1972 मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केला), रविवारची प्रार्थना एकमेकांच्या घरी, आणि कोणाचं कोठार जळालं तर सगळी वस्ती मिळून उभं करते. आपल्याकडचा पैरा तो हाच, कुठे सावड म्हणतात, कुठे इर्जिक. त्या पैऱ्यात आपण नसतो. तुमच्या मुलीला अंगण मिळेल, पण त्यात खेळायला दुसरं कोणी नसेल.

म्हणून पहिलं वर्ष मॅल्व्हर्न, एक्स्टन, डाउनिंगटाउन या पट्ट्यातच भाड्यानं राहा. शाळा पत्त्यावर ठरते, तेव्हा घराआधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघा. पाओली-थॉर्नडेल रेल्वेमार्गाच्या स्टेशनजवळ मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण सुरुवातीला गाडी एकच असेल आणि ती मिस्टर नेतील.

गाडी शिकावी का? आल्या आठवड्यापासून. परवाना नसलेली बाई इथे घरातली कुंडी होते, उन्हात कोणी ठेवेल तेव्हा ऊन. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, तुम्हाला सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मिळणार नाही. सोशल सिक्युरिटीच्याच ऑफिसातून तसं पत्र आणायचं, ते परवान्याच्या कामाला लागतं. डॉक्टरकडून तपासणीचा फॉर्म भरून घ्यायचा. लेखी परीक्षेत 18 प्रश्न, 15 बरोबर हवेत. प्रत्यक्ष परीक्षेत पॅरलल पार्किंग असतं, मी पहिल्यांदा त्यातच आपटले. परवान्याची मुदत व्हिसाच्या कागदांना बांधलेली असते, कागद नवे झाले की परत फेरा. नोकरीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: एच-4 वर लगेच करता येत नाही. मिस्टरांचा आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनी करते तो अर्ज) मंजूर झाला की त्यासाठी अर्ज करता येतो.

आता तुमच्या मुलीसाठी तो रस्ता. 741 नं स्ट्रासबर्ग, तिथे वाफेच्या इंजिनाची रेल्वे आहे, कंपनीची सनद 1832 ची. मग 896 नं उत्तरेला जाऊन 340 धरा आणि पूर्वेकडे वळा: बर्ड-इन-हँड, मग इंटरकोर्स. (हो, नाव खरंच तेच आहे. पाटीपाशी फोटो काढणारे भेटतील, हसून घ्या आणि पुढे चला.) तोच 340 तुम्हाला थेट थॉर्नडेलला आणून सोडतो. शूफ्लाय पाय (pie, इथला भाजलेला गोड पदार्थ) नक्की खा. मोलॅसिसचा असतो, पहिल्या घासाला मला गुऱ्हाळावरची काकवी आठवली, दुसऱ्याला जरा कडवट लागला. रविवारी जाऊ नका, त्यांचं सगळं बंद असतं. माणसांचे फोटो काढू नका, त्यांना ते चालत नाही. चढ-वळणावर वेग कमी ठेवा, पलीकडे बग्गी असू शकते. मुलीला "बघ, जुन्या काळातली माणसं" असं तेवढं सांगू नका. त्यांच्या गोठ्यात कॉम्प्रेसरवर चालणारी यंत्रं आहेत, बग्गीला बॅटरीचे दिवे आहेत, फोन घरात नसला तरी शेताच्या कडेला खोपटात असतो. काय आत घ्यायचं नि काय दाराबाहेर ठेवायचं, ते त्यांची मंडळी बसून ठरवतात. आमच्या घरात आयपॅड असा कोणी बसून ठरवून आला नाही.

मार्चमध्ये येताय, म्हणजे धीर धरलात तर सप्टेंबरपर्यंत परवाना हातात पडेल. तंबाखू तेव्हाच टांगलेला असतो. गॅप ओलांडलं की काचा खाली करा, आणि रुमाल जवळ असू द्या.