‘क्लिक’ न झालेलं स्थळ

“मुलगा चांगला आहे हो ताई, नाव ठेवायला जागा नाही. पण क्लिक होत नाहीये. होकार देऊ का?”

मी समुपदेशक आहे. लग्नसराई जवळ आली की माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. मुलीही विचारतात, मुलगेही. आज त्यातल्या एकीबद्दल लिहिते आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

वय २९, पुण्यात नोकरी. पत्रिकेत २७ गुण जुळलेले, चार भेटी झालेल्या, आणि दर रविवारी मुलाकडून फोन, “मग काय ठरलं?” घरात त्या फोनची धास्ती बसली होती. ती दोन महिने “सांगते, सांगते” म्हणत होती आणि आई चिडत चालली होती.

मी तिला विचारलं, “क्लिक झालं तर तुझ्या शरीरात काय होईल?”

तिला विचार करावा लागला नाही. “पोटात गोळा येतो. हात गार पडतात. रात्री झोप लागत नाही.”

‘येईल’, ‘पडतील’ असं न म्हणता ती ‘येतो’, ‘पडतात’ म्हणाली. म्हणजे हे कुठेतरी अनुभवलेलं होतं. मग चार वर्षांचं एक नातं बाहेर आलं. तो मुलगा पंधरा दिवस रोज फोन करायचा, मग आठवडाभर गायब. घरी सांगतो म्हणायचा, सांगायचा नाही. दोन वर्षांपूर्वी सगळं संपलं. “त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की काळजाचं पाणी व्हायचं, ताई. तसं या मुलाच्या बाबतीत काहीच होत नाही. याचा मेसेज येणार हे मला माहीतच असतं.”

पोटात गोळा, गार हात, उडालेली झोप. परीक्षेच्या निकालाच्या आदल्या रात्रीही शरीर हेच करतं. भीती, उत्कंठा, ओढ या सगळ्यांसाठी शरीराजवळ खुणा मोजक्याच आहेत. त्या कशाच्या, हे आपण आजूबाजूला बघून ठरवतो, आणि तिथे चूक होऊ शकते.

मी तिला पुलाची गोष्ट सांगितली. कॅनडात व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे. खाली सुमारे ७० मीटर खोल दरी, आणि पाऊल टाकलं की पूल हलतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो ओलांडणाऱ्या तरुणांना एका तरुणीने गाठलं. एक चित्र दाखवून त्यावर छोटी गोष्ट लिहून घेतली आणि अभ्यासाची माहिती हवी असेल तर फोन करा म्हणून नंबर दिला. जवळच्याच एका कमी उंचीच्या, भक्कम पुलावरही तेच केलं. हलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी. दरीमुळे वाढलेली धडधड काहींनी त्या तरुणीच्या खात्यात जमा केली, असा त्यांचा अर्थ. अभ्यास छोटा होता, आणि मुळात हलत्या पुलावर जाणारी माणसं वेगळ्या स्वभावाची असतील हा आक्षेपही रास्त आहे. तरी मला तो सांगावासा वाटतो, कारण माझ्यासमोर बसलेली मुलगी चार वर्षं तशाच पुलावर उभी होती.

शिवाय तो पूल कधी हलेल याचा नेम नव्हता. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की प्राणी ते मिळवण्याची धडपड लवकर सोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं. टोच मारल्यावर कधी दाणा, कधी काहीच नाही. असं कबूतर दाणे पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोच मारत राहतं. आज येईल, उद्या येईल म्हणत फोन उलटासुलटा करणारा माणूसही त्याच चक्रात असतो.

इथे माझं चुकलं. समजावण्याच्या भरात मी तिच्याकडे बघायचंच विसरले. ती शांत झाली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे मला चार वर्षं जे वाटलं, ते खोटंच होतं?”

नाही. ते मी आधी सांगायला हवं होतं. १९८१ च्या एका प्रयोगात काही पुरुषांना जागच्या जागी पळायला लावून मग एका तरुणीचा व्हिडिओ दाखवला, काहींना ती आकर्षक दिसेल असा, काहींना मुद्दाम अनाकर्षक दिसेल असा. पळून ज्यांची छाती जास्त धडधडत होती त्यांना ती आकर्षक रूपात जास्त आवडली, आणि अनाकर्षक रूपात इतरांपेक्षाही कमी आवडली. म्हणजे धडधड नसलेली भावना निर्माण करत नाही, असलेलीच मोठी करते. “तुला तो आवडत होता, हे खरंच होतं,” मी म्हटलं. “पण किती आवडत होता, हे मोजायला तू भीतीचं माप वापरत होतीस.” त्या दिवशी ती बराच वेळ रडली. त्या नात्यासाठी ती याआधी कुणासमोर रडली नव्हती, कारण घरी ते नातं माहीतच नव्हतं.

पुढच्या वेळी आई बरोबर आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, “आमचं कुठे काय क्लिक झालं होतं? लग्नानंतर होतं प्रेम.” त्या मनापासून बोलत होत्या, आणि त्यांच्या बाजूने एक अभ्यासही आहे. १९८२ मध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी जयपूरमधल्या ५० जोडप्यांचा अभ्यास केला. प्रेमविवाह जितका जुना तितकं प्रेम कमी, ठरवून केलेलं लग्न जितकं जुनं तितकं जास्त, असं त्यात दिसलं. पण त्यात तीच जोडपी वर्षानुवर्षं पाहिलेली नव्हती, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांवर झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत फरक सापडला नाही. मी आईंना एवढंच म्हटलं, “तुमच्या बाबतीत झालं, याचा मला आनंद आहे. पण होईलच, असं मी तिला सांगू शकत नाही. तिला थोडा वेळ द्या.” त्यांना ते पटलं नाही. पण रविवारचे फोन त्यांनी स्वतःवर घेतले, आणि त्याचा तिला फार आधार झाला.

आता मुद्द्याचं. ‘क्लिक होत नाही’ या शब्दांखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी लपतात. एक म्हणजे या मुलीसारखं, ओळखीची धडधड नाही म्हणून वाटणारं सुनेपण. दुसरी म्हणजे नकोसेपणा. समोरचा जवळ बसला की अंग आक्रसतं, त्याचा आवाज ऐकला की सुटका हवीशी वाटते. तिथे मी कुणालाही थांबून बघ म्हणत नाही. परिचयाने माणूस आवडू लागतो खरा, पण मुळात नकोसा असलेला माणूस वारंवार भेटून आणखी नकोसा होतो. तिसरी गोष्ट बोलायला सगळ्यात अवघड. काहींना मुळात भिन्नलिंगी व्यक्तीबद्दल ओढच नसते, आणि ते घरी सांगता येत नाही म्हणून एकेक स्थळ ‘क्लिक’च्या नावाखाली नाकारलं जातं. अशा मुला-मुलींना “हळूहळू होईल” म्हणणं मला गुन्हा वाटतो. त्यात दोन आयुष्यं अडकतात. म्हणून मी हे प्रत्येकाला एकट्याला, आईवडील बाहेर असताना विचारते.

तिला विचारलं. नकोसेपणा नव्हता. “त्याच्या शेजारी बसायला बरं वाटतं. पण बरं वाटणं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं.”

मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक वही. काही जाणवलं की आधी काय घडलं आणि मग शरीरात काय झालं, एवढंच त्यात लिहायचं, अर्थ लावायचा नाही. दुसरं, भेटी वाढवायच्या, पण कॉफीसमोर बसून एकमेकांच्या मुलाखती घ्यायच्या नाहीत. पिट्सबर्ग विद्यापीठात १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच या संशोधकांनी चार तरुणींना एका वर्गात शून्य, पाच, दहा आणि पंधरा वेळा नुसतं बसवलं होतं. त्या कुणाशी बोलल्या नाहीत. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना त्यांचे फोटो दाखवले तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. माणूस रोजच्या वावरात दिसला पाहिजे. रांगेत उभा असताना, रिक्षावाल्याशी बोलताना, थकल्यावर.

ती दोघं सिंहगडावर जाणार होती. मी आवर्जून म्हटलं, “वर पोहोचल्यावर काही ठरवू नकोस. चढून धाप लागलेली असेल.” ती पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळी हसली.

सहा आठवड्यांनी तिने वही आणली. एका पानावर होतं: ‘रात्री त्याचा मेसेज आला नाही. मी झोपले.’ ही उदासीनता की निवांतपणा, हे मलाही त्या ओळीवरून कळेना. मी विचारलं, “सकाळी काय झालं?”

“सकाळी आला होता. वाचून बरं वाटलं. आणि त्याला सांगायच्या तीन गोष्टी एकदम आठवल्या.”

साखरपुडा दिवाळीनंतर बघू, असं तिने घरी स्वतः सांगितलं. मुलाकडचे थोडे नाराज झाले. मुलाने त्यांना समजावलं, हे तिला त्याच्या बहिणीकडून कळलं. तो स्वतः बोलला नव्हता.

शेवटच्या भेटीत तिने वहीतलं एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. वर लिहिलं होतं: ‘रात्री ११.४०. जुन्या त्याचा मेसेज, कशी आहेस. पोटात गोळा, हात गार. पूल हलतोय.’ आणि खाली दुसऱ्या दिवशीची नोंद: ‘मंडईत गेलो. भाजी घेतल्यावर याने कढीपत्ता फुकट मागितला. मला लाज वाटली. मग हसू आलं. घरी आल्यावरही आलं.’