राखेचे तळे जागेवरच बंद होणार : विहिरीच्या पाण्याचे काय?

प्रश्न : आमच्या शेतांच्या वरच्या अंगाला वीज केंद्राच्या कोळशाच्या राखेचे तळे आहे. राख उचलून न नेता, पाणी काढून, ती घट्ट करून, वर माती टाकून तळे तिथेच बंद करणार असे कळते. आमच्या विहिरी-बोअरचे पाणी त्याने वाचेल का? तोवर या पाण्यावर कोणती पिके घ्यावीत?

उत्तर : वाचू शकते, पण राखेचा तळ आणि भूजलाची पातळी यांत अंतर किती, यावर सगळे ठरते. तळे बंद करण्याबाबत बैठक होईल, तिथे हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. पातळी पाऊसकाळ संपतानाची मागा, ऐन उन्हाळ्यातली नको.

राख पाण्यात कालवून तळ्यात सोडलेली असते. ती पिठासारखी बारीक असल्याने वर्षानुवर्षे ओल सोडत नाही. तिच्यातून झिरपणारे पाणी बोरॉन, सल्फेट, आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम सोबत घेऊन खाली उतरते, आणि वर साठलेल्या पाण्याचा भार त्याला आणखी रेटतो. म्हणून तळ्यातले पाणी काढले की पहिला मोठा फायदा तिथेच होतो. शिवाय ओली राख भाराने किंवा हादऱ्याने एकदम पातळ होऊन वाहू लागते. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे 22 डिसेंबर 2008 रोजी बांध फुटला आणि सुमारे 41 लाख घनमीटर राख नदीत आणि आसपासच्या जमिनीवर पसरली. राख घट्ट करणे त्यासाठीही गरजेचे आहे.

घट्ट करताना सिमेंट किंवा चुना मिसळणार असतील, तर मिसळलेल्या राखेतून काय पाझरते याची चाचणी झाली आहे का, ते विचारा. विम्लता (सामू) वाढली की काही घटक राखेत बांधले जातात, तर मॉलिब्डेनमसारखे काही उलट सुटेही होऊ शकतात. नुसती राख कडक झाली म्हणून काम झाले असे समजू नका.

वरच्या आच्छादनाला उतार हवा, पाणी कुठेही साचता कामा नये. अमेरिकेच्या 2015 च्या नियमात पाणी कमी मुरू देणारा किमान 45 सेंमी मातीचा थर आणि त्यावर गवत धरेल अशी 15 सेंमी माती सांगितली आहे. जाड प्लास्टिकचे अस्तरही घालतात. पण आच्छादन फक्त पावसाचे पाणी अडवते. राखेचा खालचा भाग भूजलातच बुडालेला असेल, तर पाणी बाजूने शिरते, राख धुते आणि उताराकडे, म्हणजे तुमच्या विहिरींकडे निघते. अशा ठिकाणी नुसत्या मातीवर समाधान मानू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. तिथे निदान बुडालेली राख तरी काढावी, नाहीतर भोवती बेंटोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची) भूमिगत भिंत घालून आतले पाणी उपसत राहावे. भिंत खालच्या न पाझरणाऱ्या थरात रोवलेली नसेल, तर पाणी तिच्या खालून जाते. भेगाळलेल्या खडकात तर तिचा भरवसा आणखी कमी.

आता तुमच्या हातातले काम. तळ्याचे काम सुरू होण्यापूर्वीच पाणी तपासून अहवाल जपून ठेवा. पुढे फरक त्यावरूनच दाखवता येईल. बोरॉन आणि सल्फेट आधी बघा. ते पाण्याबरोबर लवकर पुढे सरकतात, तर आर्सेनिक वाटेतल्या मातीतील लोहाला चिकटून मागे राहू शकते. त्यामुळे आज आर्सेनिक सापडले नाही, तरी बोरॉन वाढत असेल तर राखेचे पाणी पोहोचू लागले असे धरून चाला. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. काही काचांतून बोरॉन पाण्यात उतरते. बोअर थोडा वेळ चालवून पाइपातले जुने पाणी जाऊ द्या. धातूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा आम्ल घातलेली बाटली देते, ती विसळू नका.

ओलितासाठी लिटरमागे 0.7 मिलिग्रॅमपर्यंत बोरॉन चालते, 3 च्या वर गेले तर बहुतेक पिकांना धोका. लिंबू, द्राक्ष, कांदा आधी मार खातात. ज्वारी आणि कापूस बरेच सोसतात. लक्षण जुन्या पानांवर दिसते : शेंडा आणि कडा पिवळ्या पडून करपतात. क्षारांनीही असेच होते, म्हणून पानांची तपासणी केल्याशिवाय निदान करू नका. आर्सेनिक आढळले तर त्या पाण्यावर भात घेऊ नका, कारण साचलेल्या पाण्यात भात ते जास्त ओढतो. चाऱ्यात मॉलिब्डेनम वाढले तर जनावरांना तांब्याची कमतरता पडते. हगवण लागते, केसांचा रंग उतरतो. असे दिसताच पशुवैद्यकाला पाण्याचा अहवाल दाखवा.

पिण्यासाठी मात्र अहवाल येईपर्यंत हे पाणी बंद ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढतेच.

बंद केलेल्या तळ्यावर नांगर घालू नका, खोल मुळांची झाडे लावू नका, आच्छादन फाटते. जवळ नवा बोअर घेऊन जोरात उपसा केला, तर दूषित पाणी तुमच्याकडेच ओढले जाईल. तळ्यातून काढलेले पाणी शुद्ध करून कुठे सोडणार, हे लेखी मागा. ते प्रक्रिया न होता ओढ्यात आले तर खालच्या सगळ्या विहिरींना लागेल. निरीक्षण विहिरी तळ्याच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना हव्यात, आणि त्यांची मोजणी तळे बंद झाल्यावरही चालू हवी. अमेरिकेच्या त्याच नियमात ही मुदत 30 वर्षे आहे.