स्त्री चित्रकार स्वतःचंच दुःख का रंगवतात? मी दुसऱ्या वर्षाला आहे, आईचं आजारपण रंगवतेय, ते फार पर्सनल वाटेल का?

वाटू दे. हाच शब्द मीही ऐकलाय म्हणून लिहायला बसले.

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, बाबा जाऊन चार महिने झालेले. वार्षिक प्रदर्शनासाठी आईला रंगवलं, ऑइलमध्ये, तीन फूट बाय चार. आई उंबऱ्यावर बसलीय, हात मांडीवर, बस्स. पण मनगटावर बांगड्यांच्या जागी जो फिकट पट्टा राहिला होता, बाकी हात रापलेला आणि मधेच तीन बोटं रुंद गोरटी कातडी, तो काही केल्या जमेना, व्हाइट जरा जास्त पडला की बँडेज बांधल्यासारखं दिसायचं. आठवडा गेला त्यात. शेवटी ऑकरमध्ये किंचित हिरवा घातला, बाकीचा हात बर्न्ट सिएनाने गडद केला, तेव्हा कुठे पट्टा उजळला. आईने चित्र बघितलं, बोलली काहीच नाही, पदर मनगटावर ओढून घेतला.

ज्यूरीतले एक सर म्हणाले, हाताचं ड्रॉइंग छान आहे, पण विषय घरगुती, फार पर्सनल, बायकी. चित्र लावलं जिन्याखाली.

आणि नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराने बहिणीचं आजारपण रंगवलं, 'द सिक चाइल्ड', १८८५-८६ चं, पुढे चाळीस वर्षं तेच चित्र पुन्हा पुन्हा केलं, ते आम्हाला अख्ख्या मानवजातीचं दुःख म्हणून शिकवलं! मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो हिचं १९३२ चं 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' नीट बघ. डेट्रॉइटमध्ये तिचा गर्भ पडला त्यानंतरचं, पत्र्यावर केलेलं, जेमतेम फूट बाय सव्वा फूट. रक्ताळलेल्या पलंगावर ती, हातात लाल फिती, त्यांना बांधलेल्या सहा गोष्टी, त्यात एक गोगलगाय, कारण ते सगळं फार हळूहळू झालं होतं. नुसतं रडायचं असतं तर गोगलगाय सुचली असती का?

आता 'का' म्हणशील तर, पॅरिसच्या एकोल दे बोझार या नामांकित कलाशाळेत १८९७ पर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता. मॉडेल कुठून आणणार? आरसा, आई, मूल, जे घरात असेल ते.

अर्थात सगळ्याच जणी स्वतःचं रंगवतात असं नाही हं. अमृता शेरगिलच्या १९३५ च्या 'थ्री गर्ल्स'मध्ये ती स्वतः कुठेच नाही, तरी त्या तिघींच्या खाली गेलेल्या नजरा बघवत नाहीत. त्याच चित्राला १९३७ मध्ये आपल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

तू फोटोवरून करू नकोस, आईला झेपेल तेवढा वेळ समोर बसवून स्केचेस कर, आणि आधी तिला विचार, मी विचारलं नव्हतं. ड्रॉइंग कच्चं ठेवू नकोस, नाहीतर असल्या लोकांना आयतंच निमित्त मिळतं. आणि कोणी बायकी म्हणालं तर तिथल्या तिथे विचार, हे मुंकला म्हणाला असतात का? त्या सरांनी हाताचं कौतुक केलं, पण तो पट्टा कसला हे शेवटपर्यंत विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.