देवगडहून आइंडहोव्हनला जाताना: विषमतेचे दोन आकडे

तुमचं वय 37, देवगडच्या सामाईक कलमबागेत हिस्सा आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या नोकरीचं पत्र हातात. तरी दोन आकड्यांमुळे मन डळमळलंय: भारत जगात चौथा सर्वांत समान देश आणि नेदरलँड्स संपत्तीच्या विषमतेत अगदी वर. मग तिकडे कशाला जायचं, असं तुम्ही विचारलंत.

हे आकडे एका मापाचे नाहीतच. भारताच्या क्रमांकामागचा 25.5 हा जिनी निर्देशांक (0 म्हणजे पूर्ण समानता, 100 म्हणजे पूर्ण विषमता) घरखर्चाच्या पाहणीवरचा आहे. श्रीमंत माणूस मिळकतीतला थोडाच भाग खर्च करतो, आणि पाहणीत तो सापडतोही क्वचित. त्यामुळे खर्चातली विषमता कमी दिसते. संपत्ती पाहिलीत तर, वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबच्या 2024च्या अभ्यासानुसार, 2022-23 मध्ये भारतातल्या वरच्या 1 टक्का लोकांकडे 40.1 टक्के संपत्ती होती.

नेदरलँड्सचा आकडा मुळात संपत्तीचा. क्रेडिट सुइस या बँकेच्या 2019च्या अहवालात तो 0.90च्या आसपास, म्हणजे 100च्या पट्टीवर 90, होता. संपत्ती म्हणजे मालमत्ता वजा कर्ज. तिथे घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज मिळतं, म्हणून उत्तम पगाराचं जोडपं घर घेतल्यावर हिशेबात शून्याजवळ येतं. शिवाय पेन्शन फंडांत दीड लाख कोटी युरोंहून जास्त रक्कम आहे, ती अशा मोजणीत बहुधा धरत नाहीत. धरली की विषमता बरीच उतरते. म्हातारपणाची सोय असल्यामुळे अनेक जण वेगळी मोठी शिल्लक ठेवतही नाहीत.

आपल्या कोकणाचा हिशेब मला याहून अवघड वाटतो. ग्रामीण भारतात कुटुंबांची बहुतेक संपत्ती जमीन आणि इमारतीत असते. बागेचा बाजारभाव काढला तर तुम्ही कागदावर चांगले सधन. पण सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची, मुंबईतल्या भावंडांची नावं; सगळ्यांच्या सह्या जमल्याशिवाय त्यातून अडीनडीला पैसा उभा राहत नाही. मोहोर गळाला तर त्या वर्षी उत्पन्नही नाही. हीच बाग डॉलरमध्ये मांडली की विनिमय दराने लहान दिसते, क्रयशक्तीने (म्हणजे त्या पैशात इथे किती विकत येतं या हिशेबाने) मोठी. एका आकड्यात हे मावणार कसं?

तरी नेदरलँड्समधली विषमता तुम्हाला जाणवेल, ती घराच्या बाबतीत. ज्यांच्या आईवडिलांनी जुन्या भावात घर घेतलं त्यांची मुलं पुढे आहेत, नवा आलेला मागे. स्वस्त भाड्याच्या सामाजिक घरांसाठी अ‍ॅमस्टरडॅममध्ये दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. घर घेतलंत तरी खरेदीचा वरचा खर्च बचतीतूनच करायचा. सरकारी पेन्शन तिथे राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे 2 टक्के जमतं. 37व्या वर्षी जाऊन 67पर्यंत राहिलात तर पूर्ण रकमेच्या 60 टक्केच. म्हणून कंपनीच्या पेन्शनमध्ये मालक किती भरतो, हे पगाराआधी विचारा.

मी तुमच्या जागी असतो तर गेलो असतो, पण आधी बागेची कामं उरकून. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काची मात्र ठेवता येते. तेव्हा भावंडांचा हिस्सा घ्यायचा विचार असेल तर आत्ताच घ्या. वारसनोंद, फेरफार, शक्य असल्यास वाटप आणि विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. बागेचं मूल्यांकनही करून घ्या. डच करविवरणात साधारणपणे परदेशातली मालमत्ताही दाखवावी लागते. दुहेरी करातून सवलत असली तरी आकडा लागतोच.